चौदा दिवसांचा नियम आणि व्हेरिकाची नाणी

इंग्लंडमध्ये जमिनीतून जुनी नाणी निघाली की कायदा चालू होतो. दोन किंवा जास्त नाणी एकत्र, तीनशे वर्षांहून जुनी, आणि त्यांत किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असेल तर चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवायचं. हा तोच अधिकारी, जो संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो. मौल्यवान धातू त्याहून कमी असेल तर एकत्र दहा नाणी लागतात. लपवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. इथपर्यंत आपल्याला काही नवल वाटत नाही, सरकार म्हटलं की जप्ती आलीच. चाट पडावं असं पुढचं आहे. म्युझियमला तो ठेवा हवा असेल तर बाजारभाव मोजावा लागतो आणि ती रक्कम बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी होते.

आता आपला १८७८ चा निखात निधी कायदा बघा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवा. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. म्हणजे सातवाहनांचं चांदीचं नाणं आणि परवा मोडीत काढलेला वाळा एकाच भावात! मग ज्याच्या नांगराला हंडा लागतो, तो कलेक्टर कचेरी गाठेल की सराफाची मूस? आणि हा कायदा केला कोणी, तर याच साहेबांनी. तेव्हा त्यांच्या घरचा कायदाही फारसा शहाणा नव्हता, हे मान्य. पण त्यांनी आपला बदलला, आपण त्यांचा जपून ठेवला.

त्यांनी तो बदलला त्यामागे अट्रेबाटीज या केल्टिक टोळीच्या, म्हणजे रोमनांआधी दक्षिण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या व्हेरिका राजाच्या लोकांच्या, नाण्यांचाही हात आहे. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात वॉनबरो नावाचं गाव आहे. तिथल्या प्राचीन देवळाच्या जागेवर १९८३ ते ८५ च्या दरम्यान मेटल डिटेक्टरवाले तुटून पडले आणि भाविकांनी वाहिलेली नाणी उपसून विकून मोकळे झाले. जुन्या कायद्यात मेख अशी होती, की मूळ मालकाने तो ऐवज पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने पुरला होता, हे दाखवावं लागे. देवाला वाहिलेलं कोण परत काढतो? त्या लुटीतून मोहीम उभी राहिली आणि १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आला. नाणी बाजारात गेली ती गेलीच. कुठलं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

एवढा जीव नाण्यांवर का? कारण या राजघराण्याची बखर म्हणजेच नाणी. रोमन सेनापती सीझरने गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) कोमियसला तिथल्या अट्रेबाटीजचा राजा केलं आणि इ.स.पू. ५५ मध्ये वकील म्हणून ब्रिटनला धाडलं. पुढे तोच सीझरवर उलटला आणि आलेसियाला सीझरच्या वेढ्यात सापडलेल्या गॉलवाल्यांच्या सुटकेसाठी फौज घेऊन गेला. त्याच्या ब्रिटनला पळण्याची गोष्ट रोमन लेखक फ्रंटिनसने दिली आहे. ओहोटीने गलबतं चिखलात रुतलेली, पाठीवर सीझर. कोमियसने जागच्या जागी शिडं उभारली. वारा होता, शिडं फुगली, लांबून सीझरला वाटलं गलबतं निघाली, आणि तो मागे वळला. असला गनिमी कावा आपल्याला नवा नाही, पण दाद द्यावीच लागते.

त्यानंतरचे ब्रिटनमधले राजे टिंकोमारस, एपिलस आणि व्हेरिका तिघेही नाण्यांवर स्वतःला कोमियसचा मुलगा म्हणवतात. नाणं पाडण्याची रीत अशी: मातीच्या साच्यातल्या खळग्यांत तोललेला धातू घालायचा, तापवून गोळी करायची, ती ठोकून चपटी करायची, दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. सोन्याचं नाणं सव्वापाच ग्रॅमच्या आसपास, त्यात खरं सोनं साधारण चाळीस टक्के, बाकी चांदी आणि तांबं. गोची ठशात होती. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अक्षरं काठाबाहेर जात. चकती जरा सरकली की नाव अर्धं. म्हणूनच टिंकोमारसला विद्वान कित्येक वर्षं ‘टिंकोमियस’ म्हणत राहिले. १९९६ मध्ये हॅम्पशरच्या ऑल्टनजवळ ठेवा निघाला, त्यात पूर्ण नावाची नाणी होती, तेव्हा राजाला त्याचं नाव परत मिळालं.

व्हेरिकाच्या नाण्यावर द्राक्षाचं पान आहे, शेजारच्या कुनोबेलिन राजाच्या नाण्यावर जवाचं कणीस. वाइनवाले विरुद्ध बिअरवाले, असा विनोद इथले लोक आवडीने करतात. कुनोबेलिनच्या भावाने, एपाटिकसने, अट्रेबाटीजची राजधानी कॅलेव्हा बळकावली. पुढे व्हेरिका पळून रोमच्या क्लॉडियस बादशहाकडे गेला आणि इ.स. ४३ मध्ये चार लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणी, ब्रिटनला उतरल्या. आता सांगा, हा दुसरा बाजीरावच झाला की नाही? बाजीरावाला निदान वसईच्या तहानंतर पुण्याची गादी परत मिळाली. व्हेरिकाचं पुढे नावही ऐकू येत नाही. रोमनांनी राज्य दिलं टोगिडुब्नस नावाच्या, आपल्याशी इमान राखणाऱ्या राजाला. बाजीरावाला आपण अजून शिव्या घालतो. व्हेरिकाला मात्र इथल्या पाट्यांवर ‘रोमचा मित्र’ म्हणून सांभाळून घेतलेलं असतं. हे मला खटकतं.

कॅलेव्हा म्हणजे आजचं सिल्चेस्टर, रेडिंगपासून सोळा किलोमीटरवर. रेडिंगमध्ये आपली आयटीवाली मंडळी ढिगाने आहेत, त्यांतले किती तिकडे फिरकतात देव जाणे. रेडिंग विद्यापीठाने तिथे १९९७ पासून अठरा उन्हाळे खोदकाम केलं. रोमन फौज येण्याआधीच्या विहिरीत ऑलिव्हची बी निघाली, सोबत शेपू आणि धने. कोथिंबीर इंग्लंडला आपण शिकवली, या समजाला तिथे सुरुंग लागतो. विहिरीच्या तळाशी पाणी साठून हवा पोचली नाही, म्हणून बिया कुजल्या नाहीत.

वाइन आणि ऑलिव्ह तेल दोन कानांच्या उंच रोमन रांजणांतून येई. तसल्या रांजणांच्या खापऱ्या आपल्याकडे नेवासा आणि तेरलाही निघाल्या आहेत. फरक एवढाच, की आपल्या सातवाहनांनी व्यापार केला, फौज मागवली नाही. (रोम लांब होतं म्हणून, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.)

सिल्चेस्टरला जायचं तर चिखलाचे बूट घाला. रोमन तटबंदी पूर्ण चालायला २.४ किलोमीटर, तिकीट नाही. डिटेक्टर मात्र चुकूनही नेऊ नका, संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो वापरणं हा गुन्हा आहे. तिथून निघालेल्या वस्तू रेडिंगच्या म्युझियममध्ये आहेत, त्या आधी पाहिल्या तर गवताखाली काय आहे ते कळतं. टोगिडुब्नससाठी चिचेस्टर गाठा. तिथे नॉर्थ स्ट्रीटवर १७२३ मध्ये सापडलेला शिलालेख भिंतीत बसवला आहे, त्यात त्याला ब्रिटनचा महान राजा म्हटलंय. तो लेख लोहारांच्या संघाने बांधलेल्या देवळाचा, आणि ते देऊळ मिनर्व्हा देवीचं आणि समुद्रदेव नेपच्यूनचं. त्याच देवाची ग्रीक नावाची ब्राँझमूर्ती, पोसायडन, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघाली आणि टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. ती पाहिली नसेल तर चिचेस्टरचं भाडं भरण्याआधी ती बघून घ्या.