विझवलेला नंदादीप

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात झोपाळ्याचं काम होतं. सागवानी पाट, पितळी कड्या, आणि सगळ्या पाटावर कुणीतरी फासलेला चॉकलेटी ऑइलपेंट. "खरवडून टाका," घरच्यांनी सांगितलं. असं सांगणारे मला नेहमी भेटतात. खरवडलं की रंगाबरोबर सागाची वर्षानुवर्षं मुरलेली झाकही जाते, आणि ती कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

पाटाच्या खालच्या बाजूला मी ब्लेडने चरे मारले आणि तीन बोळे लावले: टर्पेंटाइन, स्पिरिट, एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा). टर्पेंटाइनने नुसता मळ निघाला. ते ओला ऑइलपेंट पातळ करतं, वाळून कडक झालेल्याचं काही करत नाही. थिनरने रंग सुरकुतला, पण त्याचा चिकट राडा लाकडाच्या रेषांत उतरायला लागला. स्पिरिटच्या बोळ्याखाली दहा मिनिटांनी चऱ्याची कडा उचलली गेली, आणि कापसावर मधासारखा डाग आला. म्हणजे खाली चपडी लाखेचं पॉलिश होतं! लाख स्पिरिटमध्ये विरघळते, वाळलेला ऑइलपेंट नाही. खालचा थर सुटला की वरचा रंग आपसूक निघतो. त्या दिवशी वीतभर पापुद्रा अखंड हातात आला, खाली तांबूस साग. इतकं समाधान मला पैशाने मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी एका फळीवरचा रंग हटेना. ती मागाहून बदललेली, तिच्यावर लाख नव्हतीच. मी पॉलिशपेपर आणायला खाली उतरलो, तेवढ्यात माझ्या हाताखालच्या पोराने पसरट ताटलीत थिनर ओतून घेतला. पोर मेहनती आहे, त्याला नीट शिकवलं नाही ते मी. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ पेट घेणारी, आणि हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. शेजारी देवघर, मधे दार नाही, उंबऱ्याएवढीच आड. आणि देवघरात खाली जमिनीवर नंदादीप.

जिन्यातच वास आला. "पंख्याचं बटण दाबू नकोस," एवढं ओरडलो, धावत जाऊन वात चिमटीत धरली, मग खिडक्या उघडल्या. ताटली गच्चीत नेऊन ठेवली.

आजी स्वयंपाकघरातून आल्या. "विझवलात? सासूबाईंनी लावलेला होता हो तो."

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहाही दिला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी वास गेल्यावर दिवा लागला.

त्या रात्री झोप लागली नाही, ती थिनरमुळे नाही. आदल्या दिवशी मी स्वतः त्याच खोलीत दिवसभर स्पिरिटचे बोळे फिरवत होतो. स्पिरिटही पेटतं, त्याचीही वाफ हवेपेक्षा जड. आणि घरात दिवा कुठे आहे, हे मी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी काडेपेटी घेऊन उंबऱ्यात उभ्या. "आज कुठलं आणलंय? लावू का दिवा?"

"स्पिरिट आहे, आजी," मी म्हटलं. "काम संपेपर्यंत थांबा."