धार वर

खालच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी फराळाचा डबा परत द्यायला आले होते. जेमतेम पाच मिनिटं थांबले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. भात लागला, मीटिंगला उशिरा जॉइन झाले, आणि आता रात्रीचे पावणेदहा झाले तरी डोक्यात तेच.

डब्यात पर्सिमॉनची चार फळं घालून आणली होती. रिकामा डबा परत देऊ नये हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण टोकियोत, या निशी-कासाईत आल्यापासून त्यांच्याकडून एकदाही रिकामा आलेला नाही. चहा टाकून बाहेर आले तर आजोबा कपाटापाशी उभे. दादाच्या वाकिझाशीसमोर, म्हणजे आखूड जपानी तलवारीसमोर. "शित्सुरेई शिमास," म्हणाले. माफ करा. मला म्हणाले की तिला, ते कळलं नाही. मग दोन्ही हातांनी तिला स्टँडवरून उचललं, फिरवलं आणि परत ठेवलं. म्यानाची दोरी लोंबत होती ती बोटाने सारखी केली. मान किंचित लववली. चहा घेतला, थंडी लवकर पडली म्हणाले, गेले.

चार वर्षं ती उलटी होती.

वाकिझाशी कमरेला खोचतात तेव्हा धार वर असते आणि स्टँडवर ठेवतानाही धार वरच. पातं म्यानात पाठीवर टेकून राहावं, धारेने लाकूड घासू नये, एवढं साधं कारण. धार खाली असते ती ताचीची, जुन्या घोडेस्वारांच्या तलवारीची, कारण ती कमरेला टांगायची. आमची चार वर्षं होडीसारखी पडून होती, दोन्ही टोकं वर. आता कमानीसारखी दिसते. उएनोच्या म्युझियममध्ये मी दोनदा गेलेय, काचेपुढे उभी राहून एकेक कताना, म्हणजे मोठी तलवार, बघितलीय, सगळ्या धार वर. बघितलं म्हणजे काय बघितलं मग मी?

आणि वर काय बोलले, तर "खोटी आहे हो ती, मोगितो आहे." मोगितो म्हणजे नकली तलवार. घाईघाईने. जणू खोटी आहे म्हटल्यावर उलटी ठेवलेली चालते. आजोबा "सो देसु ने", हो ना, एवढंच म्हणाले आणि दोरी सारखी करत राहिले. मी मोगितो म्हटल्यावरही ते थांबले नाहीत, हेच मला सारखं टोचतंय.

खोटी आहे हे खरंच आहे. जस्त-ॲल्युमिनियमचं ओतीव पातं, वर मुलामा. धार काढायची म्हटली तरी निघणार नाही. खऱ्या पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीला जाड, धारेला पातळ, आणि लाल झालेलं पातं पाण्यात बुडवतात. धार झटकन गार होते, पाठ हळू. त्यातून ती ढगासारखी पांढरी रेघ येते, हामोन, आणि पात्याचा बाकही त्या पाण्यात वाढतो. आमच्या पात्यावरची रेघ नुसती उमटवलेली, पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकसारखी लाट. खऱ्या तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, हिला दुकानाची पावती.

तरी तिचा आवाज मला आवडायचा. अंगठ्याने त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, जरासा पुढे ढकलला की म्यानाचं तोंड तिला 'टक्' करून सोडतं. त्या तोंडाला कोइगुची म्हणतात, म्हणजे कोई माशाचं तोंड. दादा फोनवर बोलताना तेवढंच करत बसायचा. टक्, आत. टक्, आत. ती तो सेकीहून, सुऱ्या-तलवारींच्या गावाहून, घेऊन आला तेव्हा दोन मजली स्टँडही घेतला होता. खालच्या मजल्यावर ही, वरच्यावर मोठी येणार होती. जोडी असते ना. कुणाच्या घरी गेलं की मोठी दारात काढून ठेवायची, ही कमरेलाच राहायची. वरचा मजला अजून रिकामा आहे. पात्याच्या बाकाला सोरी म्हणतात, आणि दोन माणसांचं पटत नसलं की सोरी जुळत नाही म्हणतात. हाही शब्द मला दादानेच शिकवला, आणि तो कधी, ते आता नकोच.

खंडेनवमीला मी लॅपटॉपला फूल वाहिलं, कात्रीला वाहिलं, स्वयंपाकघरातल्या सुरीला वाहिलं. सुरीही सेकीचीच. बाबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, दादाची तलवार कुठेय? मी म्हटलं, ती नुसती शोभेची आहे, तिची कसली पूजा. बाबा गप्प बसले. मला वाटलं, रेंज गेली.

आज दिवसभर मला स्वतःचीच कीव येत होती. किती जपानी माणसं आली गेली या घरात. ऑफिसातल्या बायका, शाळेतल्या आया, गॅसवाले. सगळ्यांना दिसलं असणार. कुणी बोललं नाही. आपल्याला इथे कुणी काही सांगतच नाही, आपण कितीही वर्षं राहा, पाहुणेच. संध्याकाळी पर्सिमॉन चिरताना डोळ्यांत पाणी आलं.

चिरता चिरताच ती पणती आठवली.

गेल्या दिवाळीत आजोबांना मी दोन पणत्या दिल्या होत्या. जानेवारीत त्यांनी मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, खायला बोलावलं तर टेबलावर पणती, आणि पणतीत सोया सॉस. आपली साधी मातीची पणती. ती पाझरत होती, म्हणून त्यांनी खाली पेपर नॅपकिनची चौकोनी घडी ठेवली होती आणि तिच्यावर तपकिरी गोल उमटला होता. किती निगुतीने केली होती ती घडी. मी मोची त्यात बुडवून खाल्ली. सांगावंसंच वाटलं नाही. त्यात त्यांना हसणं नव्हतं, परकं समजणं तर नव्हतंच. उलट त्या घडीकडे बघून मला भरून आलं होतं. मग माझ्या घरी येऊन गप्प राहिलेल्यांच्या मनात तरी वाईटच होतं, असं मी का धरून बसलेय?

हे सुचल्यावर जरा भूक लागली. लागलेला भात वरचा वरचा काढून खाल्ला.

नंतर वाकिझाशी खाली काढली. म्यानाच्या पाठीवर, जी इतकी वर्षं वर होती, तिथे धुळीचा एक राखाडी पट्टा बसला होता. दुपारी आजोबांच्या हाताला लागला असणार. ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. काळं लाकूड इतकं चकाकतं हे विसरलेच होते. एकदा टक् करून बघितलं. धार वर करून ठेवली, मागे सरून बघितली, परत जवळ जाऊन बघितली.

दादाला फोटो पाठवला. आधी लिहिलं होतं, "चार वर्षं उलटी होती रे." ते खोडलं. मग लिहिलं, "तूच ठेवली होतीस ना अशी?" तेही खोडलं. नुसता फोटो गेला. त्याने बघितला, निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही अजून. तिकडे भारतात आता सव्वासहा. दिवेलागण झाली असेल.