झाडूची पाळी

आमची शाळा दोनशिक्षकी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावात, पहिली ते चौथी मिळून 31 पोरं. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, कोलाम आहेत, तांड्यावरची बंजारा आहेत, बाकी गावातली, म्हणजे घरी कोणी कोलामी बोलतं, कोणी गोरमाटी, कोणी आपली वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच थोडी परकी. झेडपीच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं, त्यामुळे वर्ग झाडायचे ते पोरांनीच नाहीतर आम्हीच.

तर झालं असं की रोज परिपाठात पोरं संविधानाची उद्देशिका म्हणतात, एकदम तोंडपाठ, "दर्जाची व संधीची समानता" वगैरे. (ही पद्धत राज्यभर नंतर आली, आपल्या नागपूर झेडपीत 2005 मध्येच तेव्हाचे सीईओ ई. झेड. खोब्रागडे यांनी सुरू केली होती, आपल्याकडचं आहे म्हणून सांगून ठेवते.) आणि परिपाठ संपला की पोरी आपोआप झाडू घ्यायच्या, पोट्टे बॉल घेऊन बाहेर. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच कधी "जा गं, झाडून घ्या" म्हटलं असेल पहिल्या वर्षी, ते तसंच चालू राहिलं आणि मला सहा वर्षं दिसलंच नाही. दिसलं ते दुसरीच्या पुस्तकामुळे, त्यात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र होतं, 2019 ला पुस्तक बदललं तेव्हा आलेलं, ते दाखवत होते तर एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे चित्र चुकलं."

दुसऱ्या दिवशी तक्ता लावला. झाडूची पाळी, पोरं-पोरी सगळे.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा दारात. "म्याडम, आमच्या पोट्ट्याले झाडू धराले लावता काय? घरी त्याची बहीण हाय ना." मी म्हटलं बाबाजी, गाडगेबाबांच्या हातात काय होतं? मला वाटलं झालं, जिंकले. तर ते शांतपणे म्हणाले, "ते संत होते. आमचं पोट्टं संत नाई." आता यावर काय बोलणार! शेवटी आमच्या सरांनी काही न बोलता सोमवारी स्वतःचं नाव तक्त्यात सगळ्यात वर लिहिलं आणि झाडू घेतला, गावभर झालं की सरच झाडून राहिले, मग तक्रारी बंद.

मी खूश. आणि मग एक आई आली, शाळा सुटल्यावर, कोणी नसताना. हळूच म्हणाली, "माह्या पोराले झाडू नका देऊ म्याडम. आमच्या घरी तीन पिढ्या तेच चाललं. शाळेत तरी नको." मी गप्पच झाले. माझ्या डोक्यात समानता म्हणजे सगळ्यांना सारखं, तक्ता बरोबर, विषय संपला. पण एकाच्या हातात झाडू म्हणजे नुसतं काम आणि दुसऱ्याच्या हातात तोच झाडू म्हणजे आज्याचा सगळा इतिहास, हे तक्त्यात कुठं बसतं.

सरकारी यादीत याच्या उलट व्हायचं, तिथं सगळ्यांना सारखं नव्हतं. 2023 च्या आधी मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि एससी, एसटी, दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच मिळायचा, बाकीचे पोट्टे वाटपाच्या दिवशी हात मागे बांधून उभे राहायचे, आणि मिळणाऱ्यांना बाकीचे "तुमचं काय बा, फुकट" म्हणून चिडवायचे. म्हणजे दोघांनाही लागायचं. नंतर सगळ्यांना सरसकट झाला तेव्हा ते चिडवणं एका वर्षात संपलं. तिथं सारखं देणं कामाचं ठरलं, झाडूत नाही.

त्या पोराचं नाव मी आधी गुपचूप काढलं. ती घोडचूक. दुसऱ्याच दिवशी पोरं, "त्याले काहून नाई?" आणि त्याचं तोंड एवढंसं. घाईघाईनं म्हणाला, "मले घंटीची पाळी हाय." अशी पाळीच नव्हती.

मग तीच काढली. आता सहा कामं आहेत: झाडू, घंटी, पाणी, फळा, खिचडीची ताटं, झाडांना पाणी. पाळी सगळ्यांना, पण प्रत्येकानं कोणतंही एक काम नाकारायचं, कारण विचारायचं नाही, मीही नाही. त्या पोरानं झाडू नाकारला, कोणाचं लक्षही गेलं नाही कारण चार पोरींनीही झाडूच नाकारला. एक तर न विचारताच म्हणाली, "घरी दोन्ही टाइम मीच झाडतो."

आणि त्या आजोबांच्या नातवानं ताटं नाकारली, झाडू मात्र राहू दिला. झाडूवाल्याला परिपाठातून पाच मिनिटं लवकर सुटायला मिळतं ना. आजोबांना अजून सांगितलं नाही.