टीव्हीच्या आधी अर्थिंग

शाळा डिजिटल करायची म्हटलं की गावात वर्गणी निघते ती टीव्हीसाठी. विजेच्या बोर्डाकडे आणि अर्थिंगच्या खड्ड्याकडे कोणी बघत नाही, आणि विदर्भातल्या खेड्यात टीव्ही जळतो तो त्यामुळेच.

वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. वीस-तीस दिसला तर न्यूट्रल ढिला आहे, नाहीतर अर्थिंग नावालाच आहे. हे मोजायचं मे महिन्यात. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा सगळंच छान येतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, रॉडभोवती पोकळी पडते. खड्ड्यात पाइप उभा ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

दुसरा धोका डीपीवरचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा. तिथला न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टही येऊ शकतात. साधा स्टॅबिलायझर इथे पुरत नाही. हाय-लो व्होल्टेज कटऑफ बसवा: वर 260, खाली 180, आणि लाइन आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा. वादळात मात्र प्लगच काढायचा.

आता बॅकअपचा हिशेब. 43 इंची टीव्ही साधारण 90 वॅट, राउटर 10, रास्पबेरी पाय (धडे साठवणारा तळहाताएवढा संगणक) 7. म्हणजे 110 च्या आसपास. 12 व्होल्ट, 150 एएचची बॅटरी 1800 वॅट-तासांची. निम्मीच वापरायची, वरून इन्व्हर्टरचा तोटा. हाती लागतात सातशे-साडेसातशे. सहा तास निघतात. त्यावर दोन पंखे जोडले की तीन ताससुद्धा नाही. कूलरचं तर नावच काढू नका. बॅटरीत बोरचं पाणी घालू नका, क्षार प्लेटा खातात. सुट्टी लागण्याआधी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज द्या. इकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. तोवर कोणी हात लावला नाही तर बॅटरी गेलीच समजा.

नेटचा भरवसा नाही, म्हणून धडे शाळेतच ठेवायचे. रास्पबेरी पाय 4 वर कोलिब्री हे धड्यांचं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. तालुक्याला नेट असेल तिथे धडे हार्ड डिस्कवर उतरवून आणा. रास्पबेरी पायला मोबाइलचा चार्जर लावू नका, त्याला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअर लागतात, कमी पडले की पडद्यावर विजेची खूण दिसते. लाइन अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होतं, त्यापेक्षा छोटी एसएसडी घ्या. हा संगणक बंद कपाटात ठेवायचा नाही. 80 अंशांवर तो स्वतःच मंद होतो, आणि टिनाच्या छपराखाली मे महिन्यात तिथवर जायला वेळ लागत नाही. वायर पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत.

प्रोजेक्टर मात्र घेऊ नका. दुपारच्या उजेडात चित्र दिसत नाही आणि धुळीने फिल्टर तुंबतो.

मेळघाटात पोरांच्या घरी कोरकू, गडचिरोलीत माडिया. पुस्तकी मराठीतला व्हिडिओ पहिलीच्या पोराला नुसता आवाज वाटतो. गावातल्याच कोणा आजीकडून तोच धडा तिच्या बोलीत सांगवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. 480पी मध्ये कॉम्प्रेस केला की पाच मिनिटांचा धडा 40 एमबीच्या आत बसतो.