रविवार दुपार, सेंट जॉन्स

कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाचं घड्याळ अर्ध्या तासावर अडलेलं असतं, आपल्या भारतासारखंच. त्यामुळे माझं गाव मालवण आणि इथलं शहर सेंट जॉन्स यांच्यामध्ये उन्हाळ्यात बरोबर ८ आणि हिवाळ्यात बरोबर ९ तासांचं अंतर पडतं. मिनिटकाटा दोन्ही घरांत एकाच जागी. टोरांटोतली माझी मैत्रीण उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा हिशेब करते, मला तो करावा लागत नाही. इथे आल्यावर पहिले तीन महिने मला या एवढ्याच गोष्टीचं सुख होतं.

मी मेमोरियल विद्यापीठाच्या मरीन इन्स्टिट्यूटमध्ये मत्स्यविज्ञान शिकायला आले. आमचं घर मालवणात दांडीला. आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, बाबांची स्वतःची छोटी होडी. मासळीवर शिकायला एवढ्या लांब कशाला, असं वाडीत सगळ्यांनी विचारलं होतं. घरावर कर्ज काढून आले होते, त्यामुळे इथला प्रत्येक तास मला पैशांत दिसायचा. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. ते मी किराणा दुकानात संध्याकाळच्या शिफ्ट घेऊन पूर्ण करायचे. उरलेला वेळ लायब्ररी, प्रयोगशाळा, झोप. फिरायला जाणं म्हणजे बाबांच्या खिशातून चोरी, असं मनात पक्कं बसलं होतं.

नोव्हेंबरमध्ये झोप उडाली. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. लायब्ररीतून बाहेर पडावं तर रात्रच. आई फोनवर “जेवलंस काय गो?” म्हणायची आणि उत्तर देताना घसा भरून यायचा, म्हणून मी फोन उचलणं कमी केलं. वर्गातली एक केरळची मुलगी माझ्याआधी वर्षभर आलेली. तिने हे ओळखलं. तिने उपदेश केला नाही. माझं वेळापत्रक मागून घेतलं आणि रविवारी दुपारी एक ते पाच या चौकोनात “बाहेर” असं लिहून दिलं. म्हणाली, हा पेपर आहे असं समज आणि हजेरी लाव.

मी हजेरी लावली. सुरुवात कपड्यांपासून झाली. इथली थंडी प्रेअरीजसारखी, म्हणजे कॅनडाच्या आतल्या मैदानी भागासारखी, उणे तीसची नाही, पण वारा आणि ओल यांनी माणूस आतून गारठतो. घरून आणलेलं जाड जाकीट ओलं झालं की त्याचं ओझंच होई. सेकंडहँड दुकानातून वारा अडवणारं, पाणी न झिरपणारं जाकीट आणि लोकरीचे मोजे घेतले. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली ताणून बसवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, तेही घेतले. नव्या मुलांना माझं एकच सांगणं असतं: आधी पट्टे, मग फोनचं नवं कव्हर.

पहिले दोन रविवार विद्यापीठाशेजारच्या लाँग पाँड या तळ्याला नुसत्या फेऱ्या मारल्या. तिसऱ्या रविवारी सिग्नल हिल ही टेकडी. १२ डिसेंबर १९०१ला मार्कोनीने याच टेकडीवर पतंगाला तार बांधून अटलांटिकपलीकडून आलेला पहिला बिनतारी संदेश ऐकला. मोर्सच्या लिपीतले तीन ठिपके, इंग्रजी ‘एस’. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून एवढ्या समुद्रावरून एक अक्षर आलं होतं. मी तिथे उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. मालवणात रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आई अंथरुणातून उठून बसली आणि म्हणाली, “तुझ्या पाठी समुद्र दिसता.” त्या दिवसापासून मी परत रोज फोन करू लागले.

टेकडीवरून खाली बॅटरी नावाच्या वस्तीपर्यंत समुद्राच्या कडेने पायवाट जाते. एका ठिकाणी ती इतकी अरुंद होते की कातळात साखळी ठोकलेली आहे, ती धरून पुढे सरकायचं. खाली बंदराचं तोंड, त्याला सगळे ‘नॅरोज’ म्हणतात. बॅटरीतली घरं कातळाला चिकटवल्यासारखी, धक्क्यावर दोऱ्या आणि जाळी. मला तिथला वास ओळखीचा वाटला. त्या हिवाळ्यात ती वाट मी पुन्हा धरली नाही, कारण बर्फ साचल्यावर तिथे जाणं वेडेपणा आहे.

केप स्पिअरला मात्र मी चुकले. ग्रीनलंड सोडलं तर उत्तर अमेरिका खंडाचं ते सगळ्यात पूर्वेकडचं टोक. तिथे शहराची बस जात नाही. एप्रिलमध्ये हट्टाने टॅक्सी केली, एकटीच गेले. दाट धुकं. दीपगृहसुद्धा नीट दिसेना. पैसे वाया गेल्याच्या रागात मी वाट सोडून कातळावर उतरले. खाली खडक काळे ओले चकचकीत होते. वर फिरायला आलेल्या एका माणसाने जिवाच्या आकांताने हाक मारली. मी मागे फिरले आणि मिनिटाभरात मी उभी होते त्या जागेवरून लाट गेली. तिथे पाट्या आहेत, दर वर्षी सूचना देतात, मी त्या वाचलेल्या होत्या. काळा ओला खडक म्हणजे तिथवर पाणी येतं, हे मला पाचव्या वर्षी आजोबांनी शिकवलं होतं. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि तिकडे एकट्याने जाऊ नका, गाडी असलेल्या चौघांबरोबर पेट्रोल वाटून घेऊन जा, हेही सांगते.

मी ज्यांच्याकडे तळघरातली खोली घेऊन राहते त्या बाई सत्तरीच्या आहेत. मला ‘मा लव्ह’ म्हणतात, दुकानातल्या पोऱ्यालाही तेच म्हणतात. पहिल्यांदा ऊन पडून वारा सुटला तेव्हा मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “सम डे ऑन क्लोद्स!” कपडे वाळत घालायला झकास दिवस, असा त्याचा अर्थ. मिरग ते श्रावण घरात दोऱ्या बांधून ओले कपडे सुकवणाऱ्या घरातली मी, मला ते लगेच कळलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून चादरी वाळत घातल्या आणि रविवारची दुपार तिथेच संपली. ती हजेरी मी लावूनच घेतली.

त्यांचे यजमान मच्छिमार होते. इथे ‘फिश’ म्हटलं की कॉडच, बाकीच्या माशांना आपापली नावं. २ जुलै १९९२ला केंद्र सरकारने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली आणि या प्रांतातल्या सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. पुस्तकात मी हे सगळं वाचलेलं होतं: जास्त उपसा, मोठे ट्रॉलर, चुकलेले अंदाज. बाईंनी मला फक्त एवढं सांगितलं की त्या उन्हाळ्यात यजमान रोज पहाटे चारला उठायचे आणि स्वयंपाकघरात बसून राहायचे. आमच्याकडे पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे प्रचंड जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या मोठ्या बोटवाल्यांशी, भांडण पेटलं की बाबा बोलायचे बंद होतात, ते मला आठवलं. माझा प्रबंधाचा विषय त्या टेबलाशी ठरला.

मे महिन्यात हिमनग आले. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून तुटून, प्रवाहाबरोबर वाहत ते इथल्या किनाऱ्याला येतात. मिडल कोव्ह या किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांत मला त्याचा एक तुकडा सापडला. पाण्याच्या ग्लासात टाकला तर त्यात अडकलेली फार जुनी हवा चरचर आवाज करत बाहेर येऊ लागली. आम्ही सहाजण ग्लासाला कान लावून बसलो होतो. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिता येत नाही.

आणि मग कॅपलिन. जूनअखेरीपासून सगळे एकच विचारत होते, कॅपलिन आली का? ही विताएवढी चंदेरी मासळी दर उन्हाळ्यात अंडी घालायला थेट किनाऱ्यावर येते. लाटेबरोबर गोट्यांवर लोळते, म्हणून इथे म्हणतात, ‘कॅपलिन रोल होतेय.’ बातमी फोनवरून पसरते. त्या रविवारी संध्याकाळी बाईंनी मला हाक मारली, बादली घे म्हणाल्या, आणि त्यांच्या पुतण्याच्या गाडीतून आम्ही मिडल कोव्हला पोचलो.

किनाऱ्यावर अर्धं शहर. पोरं गुडघाभर पाण्यात, म्हाताऱ्यांच्या हातात दांड्याची जाळी. लाट फुटली की आत चांदीच चांदी, ओसरली की गोट्यांवर शेकडो मासे तडफडत. बाहेर खोल पाण्यात देवमासे तीच मासळी खायला आलेले, त्यांच्या फवाऱ्याचा आवाज किनाऱ्यावर ऐकू येत होता. एका माणसाकडे पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, होता. आपल्याकडे असतो तसाच, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेला. मी मागितला. त्याने जरा शंकेने दिला. जाळ्याची कड दातात धरून मी पाग फेकला तो गोल पडला, पूर्ण गोल. आजोबा गेल्यापासून मी पाग हातात घेतला नव्हता.

नऊ वाजत आले होते, ऊन नुकतंच मावळलेलं. म्हणजे मालवणात पहाटेचे पाच. पावसाळी बंदी चालू, होडी किनाऱ्यावर शाकारलेली, पण बाबा पाचला जागे असणारच. फोन लावला, कॅमेरा पाण्याकडे फिरवला. पलीकडे पागोळ्यांचा आवाज येत होता. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले.

“बाय, हे तर चढणीचे मासे,” शेवटी म्हणाले. पहिल्या पावसात ओढ्याला पूर आला की वर चढणारे मासे पकडायला आम्ही अख्खी वाडी कंदील घेऊन जायचो, तसंच. “केवढो असा एकेक?”

मी एक उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी मागून विचारलं, कोण आहे? फादर, म्हटलं. त्यांनी फोन घेतला आणि हळूहळू, मोठ्याने, न्यूफाउंडलंडच्या इंग्रजीत बाबांना सांगू लागल्या की मीठ लावून वाळवायची कशी. बाबांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. “होय, होय,” म्हणत होते, आणि हाताने दाखवत होते की आम्हीपण असेच, दोरीवर.

पुढच्या रविवारी आम्ही मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीशेजारी दुसरी दोरी बांधली.