गेटवे ते मांडवा आणि परत : शिडाच्या होडीच्या जीपीएस नोंदी कशा घ्याव्यात आणि कशा लावाव्यात

मुंबई बंदरात शिडाच्या होडीचा सराव करणाऱ्यांना गेटवे ते मांडवा हा पल्ला फार सोयीचा आहे. सरळ रेषेत अंतर सात-आठ सागरी मैलांचे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा पाठीशी घेऊन दक्षिणेकडे उतरता येते आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की परतीची वाट टॅक घेत, म्हणजे वाऱ्याला तिरके राहून नागमोडी वळत, वाऱ्याशी झगडत कापावी लागते. एकाच दिवसात दोन्ही प्रकारच्या चालीची नोंद मिळावी, एवढ्याच हेतूने आम्ही दोघे क्लबची छोटी कीलबोट (तळाला जड कणा असलेली शिडाची होडी) घेऊन पौषातल्या वद्य सप्तमीला निघालो. त्यामुळे या वृत्तांतात समुद्राचे वर्णन थोडे आणि नोंदींची व्यवस्था जास्त आहे.

सप्तमी मुद्दाम निवडली होती. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच, म्हणजे पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास आणि ओहोटीचा तळ सकाळी अकराच्या आसपास. सकाळी उतरते पाणी आपल्याबरोबर बाहेर चालते, दुपारी चढते पाणी आपल्याला आत आणते. शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, असल्यामुळे प्रवाह उधाणाइतका जोरकस नसतो. हा हिशेब अंदाजापुरता आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यावी. मात्र दोन महिने आधी दिवस ठरवायचा असेल, तर कालनिर्णय उघडून तिथी पाहणे पुरते.

जीपीएस उपकरणाबाबत लोक नको तितके पैसे खर्च करतात, असे माझे मत आहे. सेकंदाला दहा नोंदी घेणारे उपकरण वेगवान डिंगीच्या (लहान, हलक्या होडीच्या) जाइबचा, म्हणजे वारा पाठीशी असताना घेतलेल्या वळणाचा, अभ्यास करताना उपयोगी पडते. सावकाश वळणाऱ्या कीलबोटीला सेकंदाला एक नोंद भरपूर होते. त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे जीपीएस घड्याळातले ‘स्मार्ट रेकॉर्डिंग’ बंद करून ‘दर सेकंदाला’ हा पर्याय निवडावा, कारण स्मार्ट पद्धतीत उपकरण सरळ चालीतल्या नोंदी स्वतःच गाळते आणि नेमका वेग कधी पडला हे नंतर शोधता येत नाही. दुसरी म्हणजे उपकरण मनगटावर ठेवू नये. दोर ओढताना हात पुढे-मागे होतो आणि ती हालचाल होडीच्या वेगात मिसळते. आम्ही ते मागच्या डेकवर, आकाश मोकळे दिसेल अशा जागी पट्ट्याने आवळून बसवले होते. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना आहे: उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, त्यामुळे ती घरीच ठेवावीत आणि साधे जीपीएस उपकरण आणावे.

निघण्यापूर्वी उपकरणाच्या पडद्यावरचे सेकंदांसह चालणारे घड्याळ फोनच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवावे. नंतर फोनमधली छायाचित्रे, चित्रफिती आणि वहीतल्या नोंदी जीपीएसच्या वेळेशी जुळवताना त्या एका छायाचित्राने दोन घड्याळांतला फरक लगेच कळतो. जीपीएसच्या फायलींमधील वेळ सहसा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी साडेआठला निघालेली होडी फाइलमध्ये तीन वाजता निघालेली दिसते. मूळ फाइलमधील वेळ तशीच राहू द्यावी आणि भारतीय वेळ वेगळ्या रकान्यात काढावी. काही संगणक फाइल उघडताना साडेपाच तास आपणहून मिळवतात, त्यात आपण पुन्हा साडेपाच मिळवले की सकाळचा मतलई वारा दुपारच्या खात्यावर जातो.

उतरतीचा प्रवास शांत झाला. नौदलाच्या गोदीकडे आणि मिडल ग्राउंड बेटाकडे न फिरकता, प्रवासी लाँचची वाट सोडून आम्ही खाली उतरलो. मांडव्याच्या अलीकडे मासेमारीची जाळी लावलेली असतात, त्यांच्या तरंगत्या खुणांवर एकाने नजर ठेवावी. भाऊच्या धक्क्यावरून येणारी मोठी रो-रो बोट गेल्यावर तिच्या लाटांनी होडीचा वेग काही क्षण कोसळतो. त्या वेळी वहीत ‘रो-रो’ एवढे लिहिले, तरी नंतर तो खड्डा सुकाणू धरणाऱ्याच्या माथी मारला जात नाही. वहीत दर पंधरा मिनिटांनी वाऱ्याची दिशा लिहावी. होडीचे नाक क्षणभर थेट वाऱ्यात धरून हातातल्या होकायंत्रावर अंश वाचले की काम होते. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही.

या वहीचे मोल परतीच्या वाटेवर कळते. दुपारी एकच्या सुमारास ३१५ अंशांवरून, म्हणजे थेट वायव्येकडून, स्थिर वारा होता आणि चढत्या पाण्याचा प्रवाह ईशान्येच्या अंगाला, साधारण ३० अंशांकडे, एक नॉटने (ताशी एक सागरी मैल) वाहत होता. प्रवाह मोजण्याची पद्धत सोपी आहे. पाण्याने जवळजवळ भरलेली, भडक रंगाची बाटली पाण्यात सोडून उपकरणाचे खूण-बटण (त्या क्षणाचे स्थान नोंदवणारे) दाबावे, पाच मिनिटांनी फिरून तिच्याजवळ येऊन पुन्हा बटण दाबावे आणि बाटली उचलून घ्यावी. दोन खुणांमधले अंतर सुमारे १५४ मीटर भरले तर प्रवाह एक नॉटचा. होडी पाण्यातून दोन्ही टॅकवर ४.५ नॉटने, वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून चालत होती. पण जीपीएसला पाणी दिसत नाही, त्याला फक्त जमीन कळते. पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने) उत्तरेकडे जाताना त्याने ५.४ नॉट आणि ५ अंशांची दिशा दाखवली, स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजव्या बाजूने) पश्चिमेकडे जाताना ४.१ नॉट आणि २८२ अंश. आता ही फाइल विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला वाऱ्याची माहिती न देता दिली, तर ते दोन टॅकच्या मधोमध वारा आहे असे धरते, म्हणजे ३१५ ऐवजी जवळपास ३२४ अंश. त्यावरून वारा येतो त्या दिशेने मिळालेला वेग पोर्टवर ४.० आणि स्टारबोर्डवर ३.१ नॉट निघतो आणि स्टारबोर्ड टॅकवर शीड नीट लावले नव्हते, असा निष्कर्ष हमखास काढला जातो. वहीतला ३१५ हा आकडा घातल्यावर मात्र दोन्हीकडे ३.४ नॉटच येतो. होडी दोन्ही बाजूंना सारखीच चालत होती, फरक सगळा भरतीचा होता. म्हणून वाऱ्याची दिशा सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नये, विशेषतः भरती-ओहोटीच्या पाण्यात. तलावावर सराव करणाऱ्यांना ही अडचण नाही.

घरी परतल्यावर त्याच रात्री फायली उतरवाव्यात. प्रत्येक दिवसाचा एक फोल्डर, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी ठिकाण, म्हणजे यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. त्यात ‘मूळ’, ‘साफ’ आणि ‘तुकडे’ असे तीन उपफोल्डर ठेवावेत आणि ‘मूळ’मधील फाइल केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी. उपकरण फिट (.fit) स्वरूपात फाइल देत असेल, तर तीच मूळ म्हणून जपावी, जीपीएक्स या सर्वसाधारण जीपीएस स्वरूपात रूपांतर करून मूळ फाइल पुसू नये. जीपीएक्सच्या १.० आवृत्तीत प्रत्येक बिंदूला वेग आणि दिशा यांची जागा होती, १.१ आवृत्तीतून ती काढली गेली. त्यामुळे रूपांतरात डॉप्लर पद्धतीने (उपग्रहाच्या लहरींतील बदलावरून) मोजलेला वेग बरेचदा गळतो आणि सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधल्या अंतरावरून वेग काढू लागते. ४.५ नॉटने होडी सेकंदाला सुमारे २.३ मीटर सरकते, आणि स्थानाची चूक काही मीटरची असू शकते, तेव्हा असा वेग किती उड्या मारेल हे उघड आहे. एनएमईए या सागरी उपकरणांच्या स्वरूपाची गोष्ट वेगळी. त्यात १८५५.३२ म्हणजे १८ अंश ५५.३२ मिनिटे, त्याला दशांश अंश समजून १८.५५३२ वाचले, तर गेटवेची होडी रेवदंड्याच्या अक्षांशावर भर समुद्रात जाऊन पडते. रूपांतरासाठी जीपीएसबेबल हे मोफत साधन पुरेसे आहे.

साफसफाई करताना धक्क्यापाशी घालवलेला वेळ, इंजिनावरची चाल आणि जेवणाचा थांबा कापावा. मग वहीच्या आधाराने उरलेल्या वाटचालीचे तुकडे करावेत: सकाळची उतरती चाल एक तुकडा, परतीतली प्रत्येक लांब टॅक एक तुकडा. टॅक घेतानाचा भाग सरळ चालीत मिसळू नये. वळणाआधी दहा आणि वळणानंतर तीस सेकंद वेगळे काढले, तर वळणात किती वेग गेला आणि तो परत यायला किती वेळ लागला हे स्वतंत्रपणे पाहता येते. प्रत्येक तुकड्याची एक ओळ तक्त्यात लिहावी: तारीख, तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि जोर, प्रवाह, कोणती शिडे, सुकाणूवर कोण. सरासरी वेग शेवटच्या रकान्यात लिहावा, कारण आधीचे रकाने भरल्याशिवाय त्या आकड्याची तुलना दुसऱ्या कोणत्याही दिवसाशी करता येत नाही.

हा पल्ला करू इच्छिणाऱ्यांनी मांडव्याहून साडेबारा ते दीडच्या दरम्यान निघावे. त्याआधी वारा मेलेला असतो, आणि फार उशीर केला तर शेवटचा टप्पा पाणी थांबल्यावर आणि लाँचच्या गर्दीत येतो. गेटवेकडे येताना वाट सरळ वाऱ्याच्या डोळ्यात नसते, त्यामुळे उत्तरेकडची पोर्ट टॅक लांब आणि पश्चिमेकडची स्टारबोर्ड टॅक आखूड होते. तुलनेला दोन्ही बाजूंच्या सारख्या नोंदी हव्या असतील, तर पाणी मोकळे असलेल्या मधल्या भागात मुद्दाम चार-चार मिनिटांच्या आखूड टॅक घ्याव्यात आणि प्रत्येक टॅकच्या सुरुवातीला खूण-बटण दाबावे.