एम्प्रेस मिलच्या गावाहून ताजला

"टाटानं मिल आपल्याकडं आधी काढली बे, मुंबईत हॉटेल मागून!" हे काकांचं जुनं पालुपद. उभी हयात एम्प्रेस मिलमध्ये गेलेली, त्यामुळं ताज एकदा पाहायचाच होता त्यांना. हिशेब खरा आहे. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजींची मिल नागपुरात सुरू झाली. तिथं आता मॉल आहे. ताज उघडला १६ डिसेंबर १९०३ ला, आणि पुढच्याच मे महिन्यात जमशेटजी गेले.

रात्रीची दुरांतो धरा, सकाळी सीएसएमटी. सामान तिथल्या क्लोकरूममध्येच टाका. आम्ही हुशारी करून पिशवी सोबत नेली, तर ताजच्या दारात तपासणीला संत्राबर्फीचे चार डबे एकेक करून बाहेर निघाले. मागे रांग, काका लाजेनं लाल.

गेटवेसमोर उभं राहून नुसते फोटो काढू नका. हॉटेल आधीचं, गेटवे १९२४ मध्ये पूर्ण झालं. 'हॉटेल नकाशाच्या उलट बांधलेलं पाहून वास्तुविशारदानं जीव दिला' ही कथा टॅक्सीवाल्यानं आम्हालाही ऐकवली, सोडून द्या. हॉटेलचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनं होता, आज पोहण्याचा तलाव आहे तिथून. "म्हणजे मागचं तोंड समोर केलं!" काका.

पहिल्या महायुद्धात इथं सैनिकांचं रुग्णालय होतं. शेजारचा उंच टॉवर १९७३ चा, तो नाही पाहिला तरी चालेल. २००८ च्या हल्ल्यातल्या मृतांचं स्मारक मात्र चुकवू नका. तिथं काका बराच वेळ चप्पल काढून उभे होते. जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली.

राहणं आपल्या खिशातलं नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहा घेता येतो. आधी फोन करून खिडकीजवळची जागा मागा, आणि मेन्यूतल्या आकड्यावर कर वेगळा लागतो हे धरून चाला.

चहा आला तरी काकांचं लक्ष रुमालावर. घडी मोडली, दोन बोटांत चोळला, उजेडाकडं धरून ताणाबाणा पाहिला. वाढपी थबकलाच.

"सूत बरं आहे," काका म्हणाले, "खळ जास्त झाली."